घरदुरुस्तीची विजेची हत्यारे : घेण्यापूर्वीची पारख

बैलबाजारात गेलेला शेतकरी पसंत पडलेल्या बैलाचे दावे लगेच हाती घेत नाही. प्रथम तो जबडा उघडून दात पाहतो. मग खुरांची ठेवण, वशिंड, कातडीची चमक आणि डोळे पाहतो. बैलाला चार पावले चालवतो व शक्य असल्यास औताला जुंपून पाहतो. बैल मारका तर नाही ना, कामात बसत तर नाही ना, मूळ धनी तो का विकीत आहे, याची चौकशी दोन-चार तिऱ्हाइतांकडे करतो. ही पारख आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि ती शिकविण्यास कोणा कृषी अधिकाऱ्याची गरज पडलेली नाही.

परंतु तोच शेतकरी तालुक्याच्या बाजारात ड्रिल मशीन किंवा ग्राइंडर घेण्यास गेला म्हणजे ही सारी पारख घरी ठेवून जातो, असा अनुभव आहे. खोक्यावरील चित्र आणि सांगितलेली किंमत एवढ्या दोनच गोष्टी पाहून अर्ध्या तासात व्यवहार उरकला जातो. पुढे यंत्र जळते, सुटे भाग मिळत नाहीत, किंवा याहून वाईट म्हणजे घरातील कोणाच्या तरी हाताला इजा होते. या हत्यारांची पारख कशी करावी, हे या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

लेखकाचा स्वतःचा अनुभव

या विषयावर लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला शहाणपणामुळे नव्हे, तर चुकीमुळे प्राप्त झाला आहे. २०२१ साली पावसाळ्यापूर्वी आमच्या घरच्या गोठ्याचे छप्पर दुरुस्त करावयाचे होते. काही लोखंडी अँगल कापावयाचे होते आणि बाभळीच्या दोन आड्या तासून बसवावयाच्या होत्या. रजा दोनच दिवसांची होती. त्या घाईत मी एका दुकानातून सर्वांत स्वस्त असे ग्राइंडर घेतले. दुकानदाराने लाकूड कापण्यासाठी म्हणून दातेरी पाते भेट दिले. ते पाते यंत्राच्या गार्डमध्ये, म्हणजे चकतीवरील संरक्षक पत्र्यात, मावत नव्हते. तेव्हा त्यानेच पाना घेऊन गार्ड काढून टाकले. जो मनुष्य शेतकऱ्यांना प्रमाणित बियाणे आणि आयएसआय चिन्हाचे पंप घ्या म्हणून सांगत फिरतो, त्याने यावर एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटे काका आडीचे टोक कापीत असता पाते गाठीत अडकले. यंत्र उसळले आणि त्यांच्या डाव्या हातावर आले. दोन बोटांच्या शिरा तुटल्या. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली. पण ती बोटे आजही पूर्ण मिटत नाहीत आणि त्या हाताने काकांना गाईची धार काढता येत नाही. रुग्णालयातून परतताना ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बैल घेताना आपण त्याला जुंपून पाहतो. हे जनावर तू न जुंपताच दावणीला आणून बांधलंस."

त्यानंतरची खरेदी मी काकांच्या वाक्यास अनुसरून केली. जो क्रम उपयोगी पडला तो पुढे देत आहे.

प्रथम काम पाहावे, मग यंत्र

हलकी जमीन नांगरावयाची असेल तर कोणी आठ बैली नांगर धरीत नाही. तद्वत् यंत्राचा विचार करण्यापूर्वी कामाची नोंद करावी. एक साधी वही घ्यावी. वर्षभरात घरी, गोठ्यात व विहिरीवर जी जी दुरुस्ती निघेल ती तीत लिहावी आणि तिच्यापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात : वस्तू कशाची आहे, तिची जाडी किती आहे, आणि असे काम वर्षातून किती वेळा निघते.

आमच्या घरच्या वहीत वर्षभरात अकरा कामे निघाली. त्यांपैकी सात भोके पाडण्याची होती : दाराची बिजागरी, भिंतीतील खुंट्या, फाटकाचा कोयंडा, पाइपाचे क्लॅम्प वगैरे. दोन कामे लोखंड कापण्याची व दोन वेल्डिंगची होती. यावरून आमच्या घरास ड्रिल मशीनची गरज होती. ग्राइंडर घरात असण्याचे कारण नव्हते, आणि वेल्डिंगसाठी गावातील कारागीर पुरेसा होता. ही वही आधी ठेवली असती तर काकांचा हात वाचला असता.

भोके कशात पाडावयाची, यावर ड्रिलचा प्रकार ठरतो. लाकूड व लोखंड यांसाठी केवळ फिरणारे साधे ड्रिल पुरते. भाजक्या विटेच्या भिंतीसाठी फिरता फिरता बारीक ठोके देणारे, म्हणजे इम्पॅक्ट ड्रिल लागते. घरकामास त्याचे १३ मिलिमीटर चकचे, सुमारे ५०० ते ६०० वॅटचे यंत्र बहुधा पुरेसे होते. परंतु भिंत काळ्या दगडाची असेल किंवा स्लॅबमध्ये भोक पाडावयाचे असेल, तर इम्पॅक्ट ड्रिल तेथे हार खाते. माणूस यंत्रावर भार देत राहतो, बिट लाल होते, आणि भोक मात्र नखाएवढेच पडते. त्या कामास आतील दट्ट्याने जोरदार ठोका देणारे रोटरी हॅमर हवे. ते वजनाने व किमतीने जड असते. वर्षातून दोनदा लागत असेल तर भाड्याने आणणेच बरे. याउलट मातीच्या जुन्या भिंतीत ठोक्याचे यंत्र लावूच नये. भिंतीची खपली निघते. तेथे आजोबांचे गिरमिट अजूनही उत्तम काम देते.

यंत्राइतकेच बिटलाही महत्त्व आहे. लोखंडासाठी हायस्पीड पोलादाचे, तर वीट व काँक्रीट यांसाठी टोकाला कार्बाइडची टिकली बसविलेले बिट लागते. लोखंड, लाकूड किंवा फरशी यांत भोक पाडताना ठोक्याचा खटका बंद ठेवावा. बिट जितके जाड, तितका वेग कमी हवा. साध्या लोखंडात ६ मिलिमीटरच्या बिटला मिनिटास सुमारे १,३०० फेरे ठीक पडतात. १२ मिलिमीटरच्या बिटला त्याच्या निम्मे. म्हणून वेग कमी-जास्त करता येणारे ड्रिल थोडे महाग असले तरी तेच घ्यावे.

घरची वीज पाहावी

बैलाची जोडी घेण्यापूर्वी आपण घरचा कडबा पाहतो. यंत्राचा चारा वीज आहे. तेव्हा आपल्या घरात तो किती व कसा येतो, हे खरेदीपूर्वी पाहावे.

आपल्याकडील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. यंत्रावरील वॅटच्या आकड्यास २३० ने भागले असता ते यंत्र किती अँपियर ओढते याचा साधारण अंदाज येतो. ६०० वॅटचे ड्रिल सुमारे २.६ अँपियर ओढते. ते ६ अँपियरच्या साध्या सॉकेटवर चालते. २,००० वॅटचे मोठे ग्राइंडर सुमारे ८.७ अँपियर ओढते. त्यास १६ अँपियरचे सॉकेट व तशी जाड तार लागते. वेल्डिंगचा संच तर १६ अँपियरची मर्यादाही ओलांडू शकतो. सबब घरातील वायरिंग तपासून घेतल्याशिवाय तो आणू नये.

गावाच्या टोकाच्या घरात संध्याकाळी व्होल्टेज उतरते हे सर्वांना ठाऊक आहे. व्होल्टेज उतरले म्हणजे हत्याराचा जोर कमी पडतो. मग आपण अधिक दाबतो, मोटर तापते आणि तिच्या तारांवरील वार्निश जळते. जळक्या वासाचे यंत्र दुकानात परत नेले तर "तुम्हीच दाबून चालवले" हे उत्तर तयार असते. यास्तव घरी वीजकारागिराकडून सकाळी व संध्याकाळी व्होल्टेज मोजून घ्यावे आणि जड काम व्होल्टेज नीट असेल त्या वेळीच काढावे.

जोडतारेकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. ३० मीटर लांबीची तार म्हणजे विजेला जाऊन-येऊन ६० मीटरचा प्रवास असतो. तांब्याच्या ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेतून २,००० वॅटचे यंत्र चालविले तर एवढ्या प्रवासात सुमारे १३ ते १४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात व त्यांची उष्णता होऊन तार तापते. तीच तार १.५ चौरस मिलिमीटरची असेल तर ही घट सुमारे निम्मी होते, आणि २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर सुमारे ४ व्होल्टवर येते. तार रिळावर गुंडाळलेली असताना जड यंत्र कधीही चालवू नये. आतली वेटोळी तापून वितळतात. संपूर्ण तार उलगडूनच वापरावी.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी खरेदीपूर्वीच करून घ्याव्यात. पहिली, घराचे अर्थिंग. धातूच्या अंगाच्या व तीन पिनांच्या यंत्रास ते अत्यावश्यक आहे. ज्या यंत्राच्या पाटीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते, त्यास दुहेरी आवरण असते व ते दोन पिनांवर चालते. ओल असलेल्या ठिकाणी मात्र तेही वापरू नये. दुसरी गोष्ट म्हणजे मुख्य पेटीत ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बसविणे. वीज शरीरातून जमिनीत उतरू लागताच ही कळ क्षणार्धात पुरवठा तोडते. तिच्यावरील तपासणीचे बटण अधूनमधून दाबून ती जिवंत आहे याची खात्री करावी. शेतपंपाच्या स्टार्टरमधून उघडी तार घेणे, किंवा प्लग न लावता तारेची टोके सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी खोचणे, हे प्रकार आजही नजरेस पडतात. ते कायमचे बंद झाले पाहिजेत.

यंत्राची पाटी म्हणजे बैलाचे दात

दुकानात गेल्यावर खोक्यावरील चित्र बाजूस ठेवावे व यंत्राच्या अंगावरील पाटी वाचावी. पाटीवर व्होल्ट, वॅट, बिनभाराचा वेग आणि चक किंवा चकतीचे माप दिलेले असते. वॅटचा आकडा हा बहुधा यंत्र जेवढी वीज खाते तिचा असतो, ते जेवढे काम देते त्याचा नव्हे. अधिक खाणारा बैल अधिक ओढतोच असे नाही. खोक्यावर मोठा आकडा आणि यंत्राच्या पाटीवर लहान आकडा असेल तर पाटी खरी मानावी. पाटीच नसेल, किंवा ती नखाने खरवडताच निघत असेल, तर ते यंत्र घेऊ नये.

वेष्टनावर निर्मात्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. जोडतार, प्लग व सॉकेट आयएसआय चिन्हाचे घ्यावेत. हे चिन्ह भारतीय मानक ब्यूरोचे असून त्यासोबत परवान्याचा क्रमांक असतो. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक घातला असता परवाना खरा की खोटा हे तेथल्या तेथे कळते. गावात एकाजवळ असा मोबाइल असला तरी साऱ्या आळीचे काम होते.

यानंतर यंत्र हाती घ्यावे. हात पुढे करून पाच मिनिटे धरून पाहावे. दुकानात हलके वाटलेले यंत्र शिडीवर जड होते. खटका बोटाखाली नीट येतो काय हे पाहावे. मग ते चालवून दाखविण्यास सांगावे. बिनभार चालताना आवाज एकसारखा असावा, हातास फार कंप जाणवू नये, आणि चकमध्ये लावलेले सरळ बिट डोलत असेल तर दुसरा नग मागावा. चालवून दाखविण्यास जो दुकानदार नकार देतो, तो बैल चालवून न दाखविणाऱ्या व्यापाऱ्यासारखाच समजावा.

ग्राइंडरविषयी विशेष इशारा

सर्व हत्यारांत ग्राइंडर हे सर्वांत मारके जनावर आहे. ज्यांना ते घेणे खरोखरच आवश्यक आहे, त्यांनी पुढील मजकूर दोनदा वाचावा.

घरगुती ग्राइंडरची चकती सामान्यतः १०० मिलिमीटरची, म्हणजे चार इंची असते व ती मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेते. या वेगाने तिची कड सेकंदास सुमारे ५८ मीटर, म्हणजे तासास २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. कापण्याच्या चकत्या साधारणपणे सेकंदास ८० मीटर वेगापर्यंत सुरक्षित म्हणून बनविलेल्या असतात. आता कोणी गार्ड काढून त्याच यंत्रावर १८० मिलिमीटरची, म्हणजे सात इंची चकती चढविली, तर तिच्या कडेचा वेग सेकंदास १०० मीटरच्या पुढे जातो. ती फुटली तर तुकडे बंदुकीच्या छऱ्यांप्रमाणे सुटतात. म्हणून चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून अधिक आहे, याची प्रत्येक वेळी खात्री करावी.

चकतीलाही वय असते. तिच्या मधल्या धातूच्या कड्यावर बहुधा महिना व वर्ष छापलेले असते. त्या मुदतीनंतर ती वापरू नये. ओलसर कोठीत पडलेली किंवा जमिनीवर आपटलेली चकती मुदतीत असली तरी टाकून द्यावी. काही रुपयांच्या चकतीसाठी डोळा गमावणे कोणास परवडेल?

लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरवर कधीही लावू नये. लाकडाच्या गाठीत दाता अडकला म्हणजे यंत्र माणसाच्या हातून निसटते किंवा त्याच्याकडेच उसळते. आमच्या घरी झाले ते हेच. लाकडासाठी करवत आहे आणि विजेची करवतही निराळी मिळते. गार्ड काढून देणाऱ्या दुकानातून तर काहीच घेऊ नये.

खटक्याचीही पारख करावी. बोट काढताच बंद होणारा खटका सर्वांत चांगला. सरकवून अडकविण्याचा खटका असेल तर एक धोका लक्षात ठेवावा. काम चालू असता वीज गेली, आपण यंत्र खाली ठेवले, आणि खटका बंद करावयाचा राहिला. अर्ध्या तासाने वीज येताच यंत्र आपोआप सुरू होऊन अंगणात धावू लागते. काही यंत्रांत वीज परत आली तरी खटका पुन्हा दाबल्याशिवाय ती सुरू होत नाहीत. भारनियमनाच्या भागात अशाच यंत्राची मागणी करावी.

दोन गोष्टी शेतकऱ्यांच्या घरासाठी विशेष सांगितल्या पाहिजेत. ग्राइंडरच्या ठिणग्या कित्येक फूट उडतात. कडब्याची गंजी, गवत किंवा डिझेलचा डबा जवळ असता काम करू नये, आणि काम संपल्यावरही काही वेळ तेथे लक्ष ठेवावे. दुसरी गोष्ट जुन्या गोठ्यांवरील सिमेंटच्या पत्र्यांची. त्यांपैकी पुष्कळ पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते ग्राइंडरने कापले म्हणजे डोळ्यांस न दिसणारे तंतू हवेत पसरतात व श्वासावाटे फुप्फुसात जातात. त्यांपासून कर्करोग होतो, आणि तो पुष्कळ वर्षांनी प्रकट होतो. असे पत्रे विजेच्या हत्याराने कापू अथवा घासू नयेत. ते अखंड उतरवावेत.

डोळ्यांवर चष्मा, पायांत बंद जोडा व नाकावर मास्क ही हत्याराच्या किमतीतच धरावयाची सामग्री आहे. धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर, मोकळे केस व सैल बांगड्या फिरत्या यंत्राजवळ आणू नयेत. ड्रिल चालविताना हातमोजेही घालू नयेत. ते बिटमध्ये गुंततात.

बॅटरीवरील हत्यारे

वीज नसताना विहिरीवर किंवा छपरावर काम करण्यास बॅटरीवरील ड्रिल सोयीचे असते. परंतु त्याच्या आकड्यांनी ग्राहक फसतो. एका दुकानात १८ व्होल्टचे व शेजारी २० व्होल्ट मॅक्सचे यंत्र दिसते आणि दुसरे अधिक जोरदार असावे असे वाटते. वस्तुतः दोहोंत तीच पाच सेलची लिथियम बॅटरी असते. काम करताना प्रत्येक सेल सरासरी ३.६ व्होल्ट देतो, म्हणून १८. पूर्ण भरल्यावर तो काही काळ ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून २० किंवा २१. फरक नावाचा आहे.

बॅटरीची खरी साठवण पाहण्यास व्होल्ट व अँपियर-तास यांचा गुणाकार करावा. १८ व्होल्ट व २ अँपियर-तास म्हणजे ३६ वॅट-तास. ३०० वॅटचे काम सतत घेतल्यास एवढी बॅटरी सुमारे सात मिनिटांत संपते. बिजागऱ्या व स्क्रू यांना ती पुष्कळ झाली. भिंतीत वीस भोके पाडण्यास नव्हे. शिवाय एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रास बसत नाही. म्हणून पहिले यंत्र घेतानाच पुढील काही वर्षे त्या बॅटरीची जोड मिळत राहील काय, व नवी बॅटरी केवढ्यास पडेल, हे विचारावे. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली बॅटरी ठेवू नये. उष्णतेने तिचे आयुष्य घटते.

आजारी पडले तर वैद्य कोठे?

जनावर घेताना जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे हे आपण जाणतो. यंत्राचेही तसेच आहे. ड्रिल व ग्राइंडर यांतील कार्बन ब्रश हा झिजणारा भाग होय. तो झिजला म्हणजे मोटारीत ठिणग्या वाढतात व यंत्र अडखळत चालते. वेळीच बदलल्यास खर्च थोडा येतो. न बदलल्यास आर्मेचरला इजा होते, आणि नवे आर्मेचर काही वेळा यंत्राच्या अर्ध्या किमतीचे असते.

म्हणून खरेदीपूर्वी दुकानदारास तीन प्रश्न विचारावेत. या यंत्राचे कार्बन ब्रश आपल्याकडे आज शिल्लक आहेत काय? आर्मेचर व खटका केवढ्यास मिळतो? अधिकृत दुरुस्ती केंद्र किती अंतरावर आहे? ही उत्तरे तेथेच न मानता तालुक्यातील मोटार-वाइंडिंग करणाऱ्या कारागिरास विचारून पडताळावीत. कोणते यंत्र त्याच्याकडे वारंवार येते आणि कोणाचे भाग मिळत नाहीत, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते. गावचा सुतार, वेल्डर व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक हेही असेच जाणते सल्लागार होत. मोबाइलवरील जाहिरातवजा स्तुतीपेक्षा दोन वर्षे यंत्र वापरलेल्या शेजाऱ्याची तक्रार अधिक मोलाची असते.

पक्की पावती घ्यावी व तीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. हमीपत्र दुकानातच भरून, शिक्का मारून घ्यावे. हमी किती महिन्यांची, कोणते भाग तीत येत नाहीत, आणि कंपनीकडे नोंदणी करावी लागते काय, हे वाचावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ग्राहक आयोगाकडेही जाता येते. परंतु हातात पावती नसेल तर दोन्ही दारांशी अडचण येते.

विकत की भाड्याने?

समजा, एका रोटरी हॅमरची किंमत ६,००० रुपये आहे आणि तालुक्यात ते दिवसास ३०० रुपये भाड्याने मिळते. म्हणजे किंमत वसूल होण्यास वीस दिवसांचे काम हवे. वहीत ते वर्षातून दोन दिवसांचे असेल, तर यंत्र दहा वर्षांनी फिटेल. तोवर ते बहुधा गंजून जाईल. असा हिशोब प्रत्येक यंत्रासाठी मांडावा. दर बदलतात, रीत बदलत नाही.

पाच-सहा घरे मिळून, किंवा बचत गटाच्या वतीने, एक चांगल्या प्रतीचे यंत्र घेणे हा मध्यम मार्ग आहे. पण सामायिक बैल कोणी खरारत नाही, ही म्हणण्याजोगी गोष्ट येथेही खरी ठरते. यंत्र कोणाच्या घरी राहील, ब्रश व चकत्यांचा खर्च कोण देईल, आणि न शिकलेल्याच्या हाती ते द्यावयाचे नाही, हे तीन नियम आधी लिहून काढावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनविला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या समजुतीने शेतकरी तो घेण्यास कचरत होते. पुढे १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून हे नांगर महाराष्ट्रभर गेले. त्या वेळचा शेतकरी यंत्रास भीत होता. आजचा भीत नाही. म्हणून आज कार्यकर्त्याचे काम उलट आहे. यंत्राची गोडी लावण्याची आवश्यकता उरलेली नाही. पारख शिकविण्याची आहे.

त्यासाठी पावसाळ्यापूर्वी, दुरुस्तीची कामे निघण्याच्या सुमारास, गावात एक प्रात्यक्षिक ठेवावे. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक व गावचा वीजकारागीर यांस बोलवावे. विटेत, दगडात व लोखंडात एकेक भोक पाडून दाखवावे. पातळ व जाड जोडतार शेजारी ठेवून मीटरवर व्होल्टेजचा फरक दाखवावा. पाटी कशी वाचावी, चकतीची मुदत कोठे पाहावी, हे प्रत्येकाच्या हातात देऊन सांगावे. स्त्रियांना या वेळी आवर्जून बोलवावे. पुरुष मजुरीस बाहेर असता घरातील पुष्कळशी दुरुस्ती त्याच करतात.

आमच्या घरी वही ठेवून, कारागिरांना विचारून व तीन दुकाने फिरून, २०२३ साली एक ड्रिल घेतले. ते घेण्यास महिना लागला. दुकानात काकांनी स्वतः पाटी वाचून घेतली, चकमध्ये बिट लावून डोलते काय ते पाहिले, आणि मगच पैसे देण्यास सांगितले. ते ड्रिल अद्याप विनातक्रार चालू आहे. ग्राइंडर लागले तर आम्ही ते वेल्डरसह बोलावतो.

शेतकरी बंधुभगिनींनी एवढेच करावे : यंत्र दावणीला बांधण्यापूर्वी ते जुंपून पाहावे.